ऑनलाइन डिरेक्टरीत पैसे भरून जाहिरात: छोट्या व्यवसायाला खरंच उपयोग होतो का?

धागादोरा
नमस्कार मंडळी. जुन्या सोफ्या-खुर्च्यांचं कापड आणि फोम बदलून देणं, मोडलेल्या चौकटी दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. मी आणि हाताखाली तीन कारागीर. आजवरचं जवळजवळ सगळं काम एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला सांगून आलेलं आहे.

एका मोठ्या ऑनलाइन डिरेक्टरीत माझ्या व्यवसायाची फुकट नोंद आहे. ती मी केलेली नाही, त्यांनीच कुठून तरी माहिती उचलून केली. काही दिवसांपासून त्यांच्या विक्री विभागाचे सारखे फोन येताहेत. वर्षाचं पॅकेज घ्या, यादीत पहिल्या तिघांत तुमचं नाव येईल, नावापुढे 'खात्रीशीर'चा शिक्का लागेल, दरमहा लीड्स येतील, शिवाय गुगलवरही तुमची वेबसाइट वर चढेल. आज होकार दिला तर सवलत, उद्या नाही.

रक्कम माझ्या मानाने मोठी आहे. तेवढ्यात एक बऱ्या अवस्थेतलं शिलाई मशीन येतं, आणि मशीनचा उपयोग मला डोळ्यांसमोर दिसतो. जाहिरातीचा दिसत नाही. पण ओळखीतून येणाऱ्या कामाचा भरवसा नसतो, एखादा महिना अगदी कोरडा जातो, म्हणून विचार करतोय. ज्यांनी पैसे भरून पाहिलेत त्यांनी कृपया सांगावं. 'फायदा झाला' किंवा 'पैसे गेले' एवढ्यावर थांबू नका, कशामुळे तेही लिहा.

किल्लीवाला
मी भरतो आणि दरवर्षी नूतनीकरण करतो. माझं काम अडकलेली कुलपं उघडून देण्याचं. दार लागलं, किल्ली आत राहिली, माणूस बाहेर उभा. त्या वेळी तो मित्राला, शेजाऱ्याला विचारत बसत नाही. मोबाइल काढतो आणि यादीतल्या वरच्या दोन-तीन नंबरांना फोन लावतो. जो उचलेल, तासाभरात येतो म्हणेल, त्याला काम. माझ्या धंद्यात यादीतलं स्थान हेच दुकान आहे, म्हणून मी त्याचं भाडं देतो.

तुमचं काम मात्र वेगळं वाटतं. सोफ्याचं कापड फाटलं म्हणून कोणी रात्री फोन करत नाही.

शाईचाडाग
माझा अनुभव उलटा. मी भाषांतर आणि मुद्रितशोधनाची कामं घेते. वर्षभराचं पॅकेज घेतलं होतं. फोन येत होते, अगदी नियमित येत होते. पण कोण? नोकरी आहे का विचारणारे. "एका पानाचे किती" एवढंच विचारून फोन ठेवणारे. आणि सगळ्यांत जास्त म्हणजे मलाच काहीतरी विकायला बघणारे, कारण माझा नंबर आता उघड्यावर होता. जी दोन-तीन चांगली कामं त्या वर्षात आली, ती सगळी जुन्या प्रकाशकांच्या शिफारशीवर. माझ्या कामात माणूस नमुना पाहिल्याशिवाय, कोणाला तरी विचारल्याशिवाय मजकूर हातात देत नाही. यादीत वर असण्याने त्याला काही फरक पडत नाही.

धागादोरा
किल्लीवाला, शाईचाडाग, दोघांचेही आभार. माझं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे. घाई नसते, पण सोफा सारखा सारखा करायचा नसल्यामुळे बहुतेकांना आधीपासून कोणी कारागीर ठाऊकही नसतो. आणि एक विचारायचं होतं. 'लीड' म्हणजे नेमकं काय मिळतं? ती चौकशी फक्त माझ्याकडे येते, की आणखी कोणाकडे जाते?

जुनाविक्रेता
मी काही वर्षं अशाच एका डिरेक्टरीची पॅकेजेस विकली आहेत. कंपनीचं नाव घेणार नाही, कारण पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. तुमचा प्रश्न अचूक आहे आणि बरेच जण तो सही झाल्यावर विचारतात.

तुम्हाला तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पॅकेजमधे बांधून दिल्या जातात. पहिली म्हणजे जागा: अमुक प्रकारच्या कामासाठी, अमुक भागात कोणी शोधलं तर तुमचं नाव वर. दुसरी म्हणजे चौकशा: कोणी डिरेक्टरीवर 'सोफा दुरुस्ती' म्हणून फॉर्म भरला किंवा फोन केला, की त्याचा नंबर पैसे भरणाऱ्या व्यावसायिकांना पाठवला जातो. हा नंबर तुम्हाला एकट्याला मिळेल असं करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर तो तीन-चार जणांना, कधी त्याहून जास्त जणांना जातो असंच धरून चाला. गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत चार फोन येतात, तो वैतागतो आणि मग ज्याचा भाव सर्वांत कमी त्याच्याकडे वळतो. तिसरी गोष्ट सजावटीची: शिक्का, जास्त फोटो, तुमच्या पानावर प्रतिस्पर्ध्याची जाहिरात न दाखवणं. ही शेवटची सवलत ऐकायला साधी वाटते, पण तिच्याकडे नीट बघा. फुकट नोंदीच्या पानावर बऱ्याचदा तुमच्याच नावाखाली दुसऱ्याची जाहिरात चालू असते.

आता विकणाऱ्याची बाजू. त्याला महिन्याचं लक्ष्य असतं आणि त्याचं कमिशन तुमच्या सहीवर ठरतं, तुम्हाला काम मिळालं की नाही यावर नाही. त्यामुळे फोनवर तो जे बोलतो ते करारात आहे का, हे बघणं तुमच्याकडे लागलं. 'पहिल्या तिघांत' हे कोणत्या शोधाला, कोणत्या भागात, रोज की आळीपाळीने? एकाच भागात एकाच कामासाठी 'पहिले तीन' किती जणांना विकले आहेत? हे लेखी मागा. उत्तर ईमेलवर यायला टाळाटाळ झाली, तर तिथेच थांबा. आणि 'आजच्या आज सवलत' महिनाअखेरीला पुन्हा मिळते, बहुधा जास्त मिळते.

आणखी एक, जे जवळजवळ कोणी विचारत नाही. पॅकेज घेतल्यावर तुमच्या नोंदीवर तुमचा नंबर जाऊन त्यांचा एक फिरता नंबर येतो. त्यावर आलेला फोन तुमच्याकडे वळवला जातो. मोजमापाला ते चांगलंच आहे. पण तो नंबर त्यांच्या मालकीचा. करार संपला की तो बंद होतो किंवा दुसऱ्या कोणाला दिला जातो. म्हणून तो नंबर आपल्या पाटीवर, बिलावर, गाडीवर, वेबसाइटवर चुकूनही छापू नका. जुन्या गिऱ्हाइकाने तीन वर्षांनी जपून ठेवलेल्या नंबरावर फोन करावा आणि तो भलत्याकडे लागावा, हे मी होताना पाहिलं आहे.

मधलीसुट्टी
वाचनखूण साठवली. जुनाविक्रेता, इतकं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद.

सांख्यिकीवेडी
धागादोरा, वर किल्लीवाला आणि शाईचाडाग यांचे अनुभव विरुद्ध असले तरी दोन्ही खरे आहेत, आणि ते का खरे आहेत हे समजलं की तुमचा निर्णय सोपा होईल.

डिरेक्टरीवाले तुम्हाला वर्षाअखेरीस एक अहवाल देतील: तुमचं पान इतक्यांनी पाहिलं, इतके फोन आले. तो आकडा खोटा असेलच असं नाही. पण तुमच्या कामाचा आकडा तो नव्हेच. यातली किती माणसं जाहिरात नसती तरी आलीच असती? हा खरा प्रश्न. समजा तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाने मैत्रिणीला तुमचं नाव सांगितलं. तिने ते नाव शोधात टाकलं, वर डिरेक्टरीचं पान आलं, तिने तिथून फोन केला. अहवालात ही 'डिरेक्टरीने दिलेली लीड' म्हणून चढली. खरं तर ती शिफारशीने आलेली होती, फक्त दार त्यांचं वापरलं.

याची मोठी तपासणी ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाने केली होती. त्यांनी आपल्याच नावाच्या शोधावर येणाऱ्या सशुल्क जाहिराती काही काळ बंद केल्या. येणारी माणसं जवळजवळ तितकीच राहिली, कारण ती खालच्या फुकटच्या दुव्यावर टिचकी मारून आली. बाकीच्या शब्दांवरच्या जाहिराती त्यांनी काही भागांत चालू आणि काही भागांत बंद ठेवून पाहिल्या. ज्यांना ईबे फारसं माहीत नव्हतं, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम झाला. जे नेहमीचे खरेदीदार होते त्यांच्यावर झाला नाही, आणि खर्चाचा मोठा वाटा मात्र याच नेहमीच्यांवर जात होता. टॉम ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मधे 'इकॉनोमेट्रिका' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला.

म्हणजे जाहिरात अनोळखी माणसावर चालते. किल्लीवाल्यांकडे येणारा प्रत्येक जण अनोळखी असतो, म्हणून त्यांना फायदा. शाईचाडाग यांच्याकडे काम देणारा आधी ओळख शोधतो, म्हणून त्यांना नाही.

किल्लीवाला
पटलं. पण ईबे ही महाकाय कंपनी. तिला सगळे ओळखतात. आमच्यासारख्या दोन-चार माणसांच्या धंद्याला तो निष्कर्ष कसा लावणार? आम्हाला तर मुळात कोणीच ओळखत नाही.

सांख्यिकीवेडी
रास्त आक्षेप आहे, आणि त्याला जवळचं उत्तर देणारा दुसरा प्रयोग आहे. तोही अगदी डिरेक्टरीवरचाच.

वेइजिया (डेझी) दाई आणि मायकेल लुका या संशोधकांनी येल्पवर, म्हणजे गिऱ्हाइकांचे अभिप्राय असलेल्या एका अमेरिकन डिरेक्टरीवर, सुमारे १८,००० रेस्टॉरंट्स घेतली. त्यातल्या ७,००० हून अधिक रेस्टॉरंट्सना चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेने निवडून तीन महिने सशुल्क जाहिरातीचं पॅकेज दिलं. बाकीच्यांना दिलं नाही. चिठ्ठीने निवड केल्यामुळे 'मुळात चांगले चालणारेच जाहिरात करतात' ही अडचण उरली नाही. जाहिरात मिळालेल्यांची पानं सरासरी २५ टक्के जास्त पाहिली गेली. पत्ता-दिशा विचारणं १८ टक्के वाढलं, फोन १३ टक्के, वेबसाइटवर जाणं ९ टक्के, आणि नवीन अभिप्राय ५ टक्के. खर्च-फायद्याचा ढोबळ हिशेब त्यांनी मांडला तेव्हा सरासरीने फायदा निघाला.

तेव्हा 'डिरेक्टरीची जाहिरात म्हणजे पैसे पाण्यात' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण याच प्रयोगातल्या दोन गोष्टी विकणारे सांगणार नाहीत. एक, पाहणाऱ्यांची वाढ २५ टक्के आणि फोनची १३. प्रत्यक्ष कामाकडे जाता जाता आकडा बारीक होत जातो, म्हणून अहवालातल्या 'पाहिलं'वर खूश होऊ नये. दुसरी जास्त महत्त्वाची. तीन महिने संपून जाहिरात थांबली, की सगळा परिणाम लगेच शून्यावर आला. नाव लोकांच्या लक्षात राहिलं, पुढेही फोन येत राहिले, असं काही झालं नाही. 'एकदा घ्या, नाव रुजेल' हा युक्तिवाद कोणी केला तर हे लक्षात ठेवा.

धागादोरा
सांख्यिकीवेडी, हे फारच उपयोगी आहे. म्हणजे मशीन घेतलं तर ते पुढची कित्येक वर्षं राहील, जाहिरात मात्र भरलेल्या दिवसापुरती. पण रिकाम्या महिन्यात मशीनही नुसतं उभंच राहणार. हिशेब कसा घालायचा? माझ्याकडे शंभर चौकशा आल्या तर किती कामं होतील याचा अंदाज आहे. साधारण आठांमागे एक. ओळखीतून आलेल्यांत हे प्रमाण बरंच जास्त, जवळजवळ निम्मं.

सांख्यिकीवेडी
आठांमागे एक हा आकडा माहीत असणं हीच मोठी गोष्ट आहे. आता एका कामामागे कापड, फोम, मजुरी, ने-आण वजा जाता हातात उरतं ते घ्या. उलाढाल घेऊ नका, नाहीतर हिशेब फसवा येईल. पॅकेजची रक्कम त्याने भागा. समजा उत्तर १२ आलं. म्हणजे वर्षात १२ जास्तीची कामं मिळाली तर पैसे नुसते वसूल. आठांमागे एक या हिशेबाने त्यासाठी ९६ चौकशा लागतील.

पण यातली काही कामं तशीही आलीच असती. समजा तिसरा हिस्सा. मग १२ खरोखरची जास्तीची कामं हवी असतील तर डिरेक्टरीच्या वाटेने एकूण १८ कामं यायला हवीत, म्हणजे १४४ चौकशा. तेवढ्याने तुम्ही फक्त बरोबरीत येता. त्यात फोन उचलण्याचा, जागेवर जाऊन माप घेण्याचा, भाव सांगण्याचा वेळ धरलेलाच नाही. चौकशी चार जणांना वाटली जात असेल तर आठांमागे एक हे प्रमाणही टिकणार नाही. १२ आणि तिसरा हिस्सा हे माझे मानलेले आकडे, तुमचे तुम्ही घाला.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. एकदा मिळालेलं गिऱ्हाईक पुढे आणखी दोघांना सांगत असेल, तर त्या पुढच्या कामांचाही थोडा वाटा पहिल्या कामाच्या खात्यात धरता येईल. पण तो मोजून धरा, आशेने नको.

फुलपाखरू
झुरळं-वाळवी प्रतिबंधाचं काम करते. वरच्या हिशेबात भर. आमच्याकडे एकदा आलेलं गिऱ्हाईक वर्षाच्या कराराने बांधलं जातं आणि बऱ्याचदा पुढची वर्षंही राहतं. त्यामुळे पहिल्या कामात तोटा सोसूनही डिरेक्टरी परवडते. सामान हलवणाऱ्या माझ्या भावाला परवडत नाही. घर काही कोणी दर महिन्याला बदलत नाही आणि त्याच्या चौकशांत दरावरून ओढाताण प्रचंड. एकाच घरात, एकाच डिरेक्टरीत, दोन वेगळे निकाल.

मधलीसुट्टी
वेबसाइट गुगलवर 'वर चढेल' या आश्वासनाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी वेबसाइट बांधणीच्या कामात आहे.

पूर्वी यात तथ्य होतं. शोधयंत्रं दुसऱ्या संकेतस्थळांवरच्या दुव्यांना मत मानत, म्हणून डिरेक्ट्रीत दुवा मिळवायला लोक पैसे मोजत. याहूची डिरेक्टरी व्यावसायिक नोंद तपासण्याचं वार्षिक शुल्क घ्यायची. ती २०१४ अखेर बंद झाली. स्वयंसेवक चालवत ती डीमॉझ नावाची डिरेक्टरी २०१७ मधे बंद झाली. मधल्या काळात गुगलने २००५ मधे दुव्यावर 'नोफॉलो'ची खूण आणली, म्हणजे हा दुवा मत म्हणून धरू नये अशी खूण, एप्रिल २०१२ मधे शोधक्रम ठरवण्याच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलात विकत घेतलेल्या आणि बनावट दुव्यांवर थेट घाव घातला, आणि २०१९ मधे पैसे देऊन मिळवलेल्या दुव्यांसाठी 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूण दिली. आज मोठ्या डिरेक्टऱ्यांतल्या दुव्यांवर बहुधा अशी खूण असते. तेव्हा पॅकेजमुळे वेबसाइट चढेल यासाठी एक पैसाही जास्त देऊ नये.

नकाशावरच्या यादीबद्दल गुगलचं म्हणणं स्पष्ट आहे. शोधाशी जुळणं, अंतर आणि व्यवसायाचा नावलौकिक या तिन्हींवर स्थान ठरतं, आणि पैसे देऊन ते सुधारून मिळत नाही. 'आम्ही गुगलचे भागीदार, तुम्हाला नकाशात पहिलं आणतो' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

करण्यासारखं काम फुकटात आहे. गुगल बिझनेस प्रोफाइल स्वतःच्या ताब्यात घ्या. पूर्वी याला गुगल माय बिझनेस म्हणत, नोव्हेंबर २०२१ पासून हे नाव आहे. आधी-नंतरचे फोटो टाका. तुमच्या कामात तर फोटोच बोलतात: फाटलेला सोफा आणि तोच सोफा काम झाल्यावर. नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे अगदी एकसारखे ठेवा. आणि ज्या डिरेक्टरीत तुमची नोंद आपोआप झाली आहे, तिथेही ती फुकटची नोंद हक्क सांगून ताब्यात घ्या, वेळा आणि कामाचा प्रकार दुरुस्त करा. त्यासाठी पॅकेज घ्यावं लागत नाही, जरी फोनवर तसं सुचवलं जात असलं तरी.

शाईचाडाग
मधलीसुट्टी, पूर्ण सहमत. अभिप्रायांचं काय? माझ्याकडे विकणाऱ्याने पॅकेजसोबत 'चांगले अभिप्राय वाढवून देऊ' असंही सुचवलं होतं. मी नको म्हटलं.

मधलीसुट्टी
उत्तम केलंत. विकतचे अभिप्राय हे गिऱ्हाइकाला फसवणं आहे, यात दुसरा विचार नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मधे खोटे अभिप्राय विकणं आणि विकत घेणं यावर थेट नियमच केला. गुगलच्या धोरणात तर अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा भेट देणंही बसत नाही.

खरे अभिप्राय मात्र सोन्याच्या मोलाचे. वर ज्यांचा उल्लेख आला त्याच मायकेल लुकांच्या आधीच्या अभ्यासात येल्पवरचा एक तारा वाढला की स्वतंत्र रेस्टॉरंटची मिळकत ५ ते ९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. साखळी रेस्टॉरंट्सवर तसा परिणाम दिसला नाही, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच ठाऊक असतं. अनोळखी छोट्या व्यावसायिकालाच अभिप्राय जास्त उपयोगी पडतात. सोफा घरी पोचवल्यावर गिऱ्हाईक खूश असतं, त्याच दिवशी दुवा पाठवून विनंती करा. आठवड्याने ते विसरतं.

पिवळीपानं
या विषयावर जुन्या माणसाचे दोन शब्द. मी छापील डिरेक्टरीच्या काळात जाहिराती दिलेल्या आहेत. रूबेन डॉनेली यांनी १८८६ मधे शिकागोत पिवळ्या पानांची व्यावसायिक यादी काढली, तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षं हा धंदा जोरात चालला. ब्रिटनमधे यलो पेजेस १९६६ मधे ब्रायटनला सुरू झाली आणि छापील आवृत्ती जानेवारी २०१९ मधे ब्रायटनलाच संपली. तो काळ चांगला चालला याचं कारण असं, की घरात एकच जाडजूड पुस्तक असे आणि ज्याला काम करून घ्यायचंच आहे तोच ते उघडत असे. आज माणूस आधी शोधयंत्रात किंवा नकाशात जातो, आणि डिरेक्टरीही त्याला गाठण्यासाठी शोधयंत्राला पैसे देऊनच जाहिरात करते. तुमचे पैसे आधी तिच्याकडे आणि तिच्यामार्फत पुढे जातात. त्यामुळे धागादोरा, तुम्ही स्वतः 'सोफा दुरुस्ती' असं शोधून बघा, तुमच्या भागात पहिल्या पानावर ती डिरेक्टरी दिसते का? दिसत नसेल तर तिच्या यादीत पहिलं येऊन काय करणार?

जुनाविक्रेता
पिवळीपानं यांची ही कसोटी फार चांगली आहे. शोध लावताना ब्राउझरच्या खासगी खिडकीतून (इनकॉग्निटो), आणि शक्य तर दोन-तीन वेगळ्या फोनवरून लावा. स्वतःच्या फोनला तुमच्या सवयी माहीत असतात.

जाता जाता एक सावधगिरी. डिरेक्टरीच्या नावाखाली निव्वळ फसवणूकही चालते. 'तुमची माहिती तपासून परत पाठवा' असा साधा फॉर्म येतो, खाली बारीक अक्षरात काही वर्षांच्या सशुल्क नोंदीचा करार असतो. सही झाली की बिलं आणि धमक्या. युरोपात हा प्रकार इतका वाढला होता की डिसेंबर २००८ मधे युरोपीय संसदेने त्याविरुद्ध ठराव केला. दुसरा प्रकार म्हणजे न मागितलेल्या नोंदीचं थेट बिल पाठवून देणं, हिशेब बघणारा माणूस नकळत चुकतं करेल या आशेने. तुमच्याकडे बिलं दुसरं कोणी भरत असेल तर त्यांना हे जरूर सांगून ठेवा.

फुलपाखरू
आणि फोन! पैसे भरून फोन उचलला नाही तर कुठलीच डिरेक्टरी कामाची नाही. मला कळायला लागलं तसं मी हातातलं काम करताना फोन घेणारी एक व्यक्ती अर्धवेळ ठेवली. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत २०११ मधे आलेल्या एका अभ्यासात २,२४१ अमेरिकन कंपन्यांकडे ऑनलाइन चौकशी पाठवून पाहिली होती. २३ टक्के कंपन्यांनी कधीच उत्तर दिलं नाही. ज्या कंपन्या तासाभरात संपर्क करतात, त्यांचं त्या गिऱ्हाइकाशी नीट बोलणं होण्याची शक्यता तासाभराने उशिरा करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ सातपट असते, असंही त्यात होतं. चौकशी चौघांना वाटलेली असेल तर तासभरसुद्धा उशीरच.

किल्लीवाला
शंभर टक्के. माझा सगळा धंदा यावर आहे.

धागादोरा
सगळ्यांचे मनापासून आभार. मी वरच्या बऱ्याच गोष्टी लगेच करून पाहिल्या, त्या सांगतो.

खासगी खिडकीतून वेगवेगळ्या फोनवर 'सोफा दुरुस्ती', 'सोफ्याचं कापड बदलणे', 'खुर्ची फोम' असे शोध लावले. पहिल्या शोधाला ती डिरेक्टरी पहिल्या पानावर आहे, बाकी दोन्हींना नाही. नकाशात माझं नाव दिसतच नव्हतं, कारण माझ्या प्रोफाइलवर कामाचा प्रकार 'फर्निचरचं दुकान' असा चुकीचा पडला होता. तो बदलला, फोटो चढवले, जुन्या गिऱ्हाइकांना अभिप्रायाची विनंती पाठवली. पहिले अभिप्राय आलेही, आणि एका आजींनी इतक्या आपुलकीने लिहिलंय की कारागिरांना वाचून दाखवलं.

विक्री विभागाला लेखी प्रश्न पाठवले. चौकशी किती जणांना जाते, याचं उत्तर 'जास्तीत जास्त पाच' असं आलं. पहिल्या तिघांतलं स्थान आळीपाळीने फिरतं, हेही त्यांनी मान्य केलं. वर्षाऐवजी तीन महिन्यांचं पॅकेज मागितलं. आधी नाही म्हणाले, मग वरिष्ठांचा फोन आला आणि दर जरा जास्त लावून द्यायला तयार झाले. माझा हिशेब घातला तर पाच जणांत वाटलेल्या चौकशीवर बरोबरीत येणंही अवघड दिसतं. तरीही तीन महिने घेऊन बघावं का, की हे पैसे सरळ मशीनकडे वळवावेत?

सांख्यिकीवेडी
तीन महिने घेणार असाल तर एकाच अटीवर, की त्यातून तुम्हाला उत्तर मिळेल. तुमचा कोरडा हंगाम कोणता ते तुम्हाला माहीत आहे. त्यात घ्या, कारण गर्दीच्या दिवसांत आलेलं जास्तीचं काम तुम्हाला पेलणारच नाही. त्यांचा फिरता नंबर फक्त तिथेच राहू द्या. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारा: "आमचं नाव आधी कुठे ऐकलंत?" आणि मग "आज फोन कुठून लावलात?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर एखाद्या व्यक्तीचं नाव असेल, तर ते काम डिरेक्टरीच्या खात्यात धरू नका. आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांतली एकूण कामं वहीतून काढून शेजारी मांडा. डिरेक्टरीची कामं वाढली आणि एकूण तितकीच राहिली, तर ती फक्त एका दारातून दुसऱ्या दारात गेली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर आधी नकाशावरच्या दुरुस्तीचा परिणाम दोन-तीन महिने बघा. दोन्ही एकदम सुरू केलंत तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

धागादोरा
हे पटलं. आधी नकाशा, मग कोरड्या हंगामात तीन महिने, तेही नकाशाने भागलं नाही तरच. मशीनचं पुढच्या महिन्यात बघतो. जुनाविक्रेता, एक शेवटचं: खात्यातून आपोआप पैसे वळते करायला परवानगी द्या म्हणतात, त्याशिवाय तीन महिन्यांचं पॅकेज देत नाहीत. काय करू?

जुनाविक्रेता
देऊ नका. तिन्ही महिन्यांचे पैसे एकदम भरायची तयारी दाखवा, बहुतेक वेळा ते मान्य करतात. अगदीच अडून बसले तर परवानगीला शेवटची तारीख आणि कमाल रक्कम घालून घ्या. 'मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण होणार नाही' हे वाक्य करारात लिहून घ्या, आणि बंद करण्याची सूचना किती दिवस आधी द्यावी लागते तेही तपासा. ही मुदत बऱ्याचदा महिनाभर आधीची असते. तशी असेल तर बंद करण्याचं ईमेल दुसरा महिना संपायच्या आतच पाठवून त्याची पोच घ्या. चालू ठेवावंसं वाटलं तर पुन्हा घेता येतंच.